रिकामीच तर आहे!

काल दसऱ्याच्या पूजेसाठी भाचीने तिची नवी एअर रायफल तेलाने पुसली. तो वास नाकात शिरला आणि माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा राग ताजातवाना होऊन उभा राहिला.

तेव्हा पनवेलच्या दुकानात मी चकचकीत दस्त्याच्या रायफलवर भाळले होते. दुकानदार चाचांनी ती काढून घेतली. "बेटी, पॉलिशने नेम लागत नाही. ही साधी घे. स्वस्त आहे, नळी एकदम सरळ आहे. फक्त छर्रा न घालता घोडा ओढू नकोस, स्प्रिंग जाईल."

रविवारी जिल्ह्याच्या नेमबाजी संघाची निवड चाचणी होती. दसऱ्याला रायफलवर हळदकुंकू, झेंडू वाहिला आणि आमचे काका सरसावले. सोनं द्यायला येईल त्याच्यासमोर ते पंख्यावर नेम धरत. खट्! "घाबरू नका हो, रिकामीच आहे!"

रिकामी होती, हाच तर घात होता! मी आपट्याची पानं हातात चुरगाळत उभी. मोठ्यांना अडवायचं कसं? तीस-चाळीस पाहुण्यांनंतर रायफलच्या आतून स्प्रिंग कण्हल्यासारखा आवाज आला. रविवारी माझ्या छर्र्याने निम्म्या वाटेतच मान टाकली.

इतकी वर्षं मी काकांवर चिडले. आता जास्त चिडते त्या पानं चुरगाळणाऱ्या मुलीवर.

काल ऐंशीच्या काकांचा हात पुन्हा पुढे सरकला. मी अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी गरजले, "काका, हात मागे!"

काका दचकले. "अगं, एवढं काय झालं चिडायला? रिकामीच तर आहे!"