मुखवट्याच्या कानातले तीन खिळे

एक्स-रे काढण्यात माझी हयात गेली. कशेडी घाटात आपटलेले, आंब्यावरून पडलेले, सगळे महाडला माझ्याच टेबलावर येतात. देव मात्र एकदाच आला.

कुडपणकडच्या एका वाडीचे म्हातारे मानकरी कंबर दाखवायला आले होते. जाता जाता म्हणाले, "ताई, देवाचा फोटो निघंल का गो?" त्यांच्या ग्रामदेवाचा काशाचा मुखवटा शिमग्याला पालखीत बसतो. त्यावर हिरवी भुकटी धरत होती, वजनही हलकं लागत होतं. झालं! गुरवाने खरा देव विकून खोटा बसवला, अशी वाडीभर बोंब. मी संग्रहालयात काम करणाऱ्या माझ्या मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, "पातळ असेल तर निघेल. धातू गंजून गेलाय तिथं काळं दिसेल." आमच्या डॉक्टरांनी हसत हसत परवानगी दिली.

ठरल्या दिवशी मानकरी मुखवटा फडक्यात गुंडाळून छातीशी धरून आले. मागून म्हातारा गुरव, रिकाम्या हातांनी. जन्मभर पूजलेल्या देवाला त्याला शिवूसुद्धा देत नव्हते. माझं डोकंच तापलं.

"माज्या आज्याच्या टायमाला ह्यो पालखीतून पडला, कान फुटला," गुरव म्हणाला. "तांबटानं तीन खिळे ठोकून जोडला. सगळ्या वाडीला ठाऊक हाय. खिळे नाय दिसले तर मी चोर." मानकऱ्यांनी मान डोलावली. पण कानावर हिरवा थर एवढा जाड, की वरून दिसणार काय, कप्पाळ!

मुखवटा टेबलावर ठेवला आणि सवयीने मी ओरडले, "श्वास रोखा!" देव कसला रोखतोय? पण माझ्याबरोबर काचेआड उभे असलेले दोघे म्हातारे गाल फुगवून तयार.

पडद्यावर चित्र आलं. उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखे जागोजागी काळे डाग. आणि कानापाशी, एका ओळीत, तीन पांढरे ठिपके.

"अगो बाय!" मीच किंचाळले. गुरव पोरासारखा रडला. मलाही आवरेना.

"मग ह्याला खाल्ला कुनी?" डोळे पुसत त्याने विचारलं. भावाला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, "घासतात कशाने ते विचार."

"चिंच नि मीठ! दर शिमग्याला, आज्यापासून. आरशावानी करतो!"

"मीठच आत मुरून धातू खातंय," भाऊ फोनवरून म्हणाला. "यापुढे कोरडं मऊ फडकं, बास."

गुरवाचा चेहरा उतरला. "म्हंजे चोर नाय, पण खानारा मीच."

मानकरी टेबलापाशी गेले. देव फडक्यात घेऊन त्यांनी गुरवापुढे धरला. "चुकलं माजं. धर. यंदाबी तूच बसव पालखीत."

गुरवाने हात पुढे केलेच नाहीत. आधी बेसिनपाशी गेला, साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, सदऱ्याला घासघासून कोरडे केले. मग देव घेतला.