तोंडावर माती नको

तंबूत झोपायची हौस माझ्या नवऱ्याची. आम्ही रोह्यात राहतो. चार पावलांवर नदी आहे, गच्चीवर गेलं की डोंगर दिसतो, तरी ह्यांना कापडाच्या घरात झोपायला जायचं होतं. कंपनीतल्या कुणाकडून तरी दोन तंबू मागून आणले आणि मोबाइलवर बघून बघून ते गच्चीत उभे करायचा सराव केला. एकदा तंबू उभा राहिला आणि हे आतच अडकले. एरवी मी चार टोमणे मारले असते, पण तेव्हा गप्प बसले. हे सगळं माझ्या बाबांसाठी चाललं होतं.

आई भातकापणीच्या दिवसांत गेली. रात्री जेवून झोपली आणि पहाटे उठलीच नाही. कासूजवळच्या माझ्या माहेरच्या घरात तेव्हा ती आणि बाबा दोघंच होती. बाबांनी हलवून पाहिलं, नाकाशी हात धरला आणि मला फोन केला. एकच शब्द म्हणाले, "गेलीय." स्टँडजवळचा डॉक्टर येऊन गेला. मी एकुलती एक, मी पोचेपर्यंत बाबा थांबले, पण त्यानंतर त्यांनी उशीर करू दिला नाही. दुपारी सगळं उरकलंसुद्धा. अग्नी त्यांनीच दिला.

तेव्हापासून बाबा झोपत नव्हते. ओटीवर येरझाऱ्या घालायचे. शेजारची काकू मला फोन करून सांगायची की तुझा बाप रात्रभर जागा असतो, त्याला घेऊन जा. मी विचारलं की म्हणायचे, झोप येत नाही, त्यात काय. वाल कसेबसे पेरले होते, पण त्यानंतर शेताकडे फिरकलेही नव्हते. शेवटी ह्यांनीच ठरवलं की त्यांना दोन दिवस त्या घराबाहेर काढायचं. बाबा तयार झाले, पण अट घालून. पोपटी, म्हणजे मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगा, ते स्वतः लावणार, आणि मडकं, शेंगा, पाला सगळं घरून आणणार.

चणेऱ्याच्या पुढे खाडीकाठी एक मोकळी जागा आहे. एका बाजूला तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूला रेताड उंचवटा आणि त्यावर करंजाचं जुनं झाड. तिथे आम्ही उतरलो. संध्याकाळी बाबांनी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरल्या, मडकं पालथं घातलं, वर जाळ केला. उघडताना मडक्याचा गळा फुटला. तळ चांगला आहे, कोंबड्यांना पाणी ठेवायला होईल, म्हणून त्यांनी ते जपून बाजूला ठेवलं. तीन महिन्यांत बोलले नव्हते तेवढं त्या संध्याकाळी बोलले. मला बरं वाटलं. हे तर इतके फुशारले की जणू पोपटी त्यांनीच लावली होती.

सकाळी मला जाग आली ती बाबांच्या आवाजाने. ते कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, तापलेल्या पोराशी बोलावं तसं. कुणी मच्छीवाला आला असेल म्हणून मी बाहेर आले. धुकं इतकं खाली उतरलं होतं की खाडी दिसतच नव्हती, नुसता चिखलातून पाणी ओसरल्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता. बाबा उकिडवे बसले होते. पुढ्यात परातीएवढं कासव होतं आणि ते कोयतीने त्याच्या मानेभोवतीचं तुटकं जाळं कापत होते.

"उगी, उगी," ते म्हणत होते. "झालं आता."

कासवाची मान लुळी पडली होती. डोळे अर्धवट उघडे आणि बुबुळांवर रेती चिकटलेली. रेतीने भरलेले डोळे मिटले जात नाहीत हे बघवत नाही. बाबांनी त्याचा पुढचा वल्ह्यासारखा पाय उचलून सोडला, तो पडला. बोटाच्या पेराने पाठीवर टकटक केली. मग नाकपुड्यांशी तळहात धरून बराच वेळ तसेच बसले.

"गेलंय," ते म्हणाले.

तोच शब्द आणि अगदी तोच आवाज.  मी स्टोव्ह पेटवायला गेले.

ह्यांचं म्हणणं, वनखात्याला कळवावं लागतं. फोनला रेंज नव्हती. पुढे खाडीच्या तोंडाशी कासवांचं एक छोटं रुग्णालय होतं, रविवारी सकाळी लोकांना बघायला उघडं असायचं आणि तिथे जायचं आधीच ठरलं होतं. तिथेच सांगू, म्हणाले. बाबा ऐकेनात. तोवर कुत्री फाडतील, देवाचं रूप आहे, देवळात शिरताना आधी ह्याच्यापुढे वाकतो आपण, असं कुत्र्यांच्या तोंडी द्यायचं नाही. दोन कुत्री खरंच धुक्याच्या कडेला येऊन बसली होती.

मग करंजाखाली खड्डा खणला. तंबूबरोबर खेळण्यातलं वाटावं असं एक फावडं आलं होतं, त्याने किती खणणार? एका बाजूला मुळं लागली, म्हणून खड्डा उतरता झाला. कासवाचं शेपटाकडचं अंग वर राहिलं, डोकं खाली. बाबांनी त्याच्यावर हळद घातली, मीठ घातलं, आणि हातांनी रेती लोटायला लागले. पाठ झाकली, पाय झाकले. मानेपाशी आल्यावर हात थांबला.

"तोंडावर माती नाय टाकवत गो," ते म्हणाले.

ते उठले, पोपटीचं गळा फुटलेलं मडकं घेऊन आले आणि कासवाच्या डोक्यावर पालथं घातलं. कडेने थोडी रेती सारून नमस्कार केला. आईच्या चितेला अग्नी देताना हा हात थांबला नव्हता. मी स्वतः पाहिलं होतं.

रुग्णालय म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. जेट्टीच्या मागे, बिनखिडक्यांचा, जाड भिंतींचा. आत शिरताना माशांचा आणि औषधांचा मिळून एक वास आला आणि उन्हातून एकदम गारठ्यात आलो. डॉक्टरीण तरुण होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. आवाज करू नका, एवढंच सांगून तिने आम्हाला पुढे घेतलं. अंधारात निळ्या टाक्या, त्यांत काळं पाणी.

माझ्या अगदी मानेमागे कुणीतरी उसासा टाकला. दमलेल्या माणसाचा, लांब. बाबा असतील म्हणून मी वळले, तर मागे कुणीच नव्हतं. टाकीतून एक डोकं वर आलं होतं आणि परत बुडत होतं. मग पलीकडच्या टाकीत तसाच उसासा, मग कोपऱ्यातल्या. त्या अंधारात जो तो आपापल्या वेळेला श्वास घेत होता. मी माझा धरून ठेवलाय हे मला जरा वेळाने कळलं. एका कासवाला एक पाय नव्हता आणि ते सारखं एकाच बाजूने गोल फिरत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रडत नाहीत ती, अंगातलं मीठ असं बाहेर पडतं, डॉक्टरीण म्हणाली. सांगितलं म्हणून काही बघवेना.

बाबा टाक्यांकडे बघतच नव्हते. ते एका टेबलापाशी उभे होते. टेबलावर उतरती फळी होती, तिच्यावर ओलं फडकं, आणि वर काही नव्हतं. हे कशाला, त्यांनी विचारलं.

जाळ्यात बुडालेल्यांसाठी, ती म्हणाली. पोटात, फुप्फुसात पाणी गेलं की कासव बेशुद्ध होतं. हलत नाही, श्वास दिसत नाही, डोळे उघडेच राहतात. बघणाऱ्याला मेलेलंच वाटतं. काळीज इतकं सावकाश चालतं की हाताला लागत नाही. अशाला शेपटाकडून उंच ठेवायचं, अंग ओलं ठेवायचं आणि दिवसभर वाट बघायची. काही परत येतात.

"हातानं कळत नाय?" बाबांनी विचारलं.

"नाही काका."

"नाकाशी हात धरला तरी?"

"तरी नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आमी एक पुरून आलोय," ते म्हणाले. डॉक्टरणीने तोवर पिशवी उचललीच होती.

लगेच गाडीत बसून परत निघालो. बाबा पुढे बसले होते, दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत. मी मागे, डॉक्टरणीशेजारी. खरं सांगते, मला ते कासव मेलेलं हवं होतं. शेजारची पोरगी ते जगावं म्हणून ओठ चावत बसली होती आणि मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, मेलेलंच असू दे. कारण बाबांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं होतं. कासव जिवंत निघालं, तर ह्या माणसाच्या हातावर त्याचा स्वतःचा विश्वास उरणार नव्हता, आणि त्याच हाताने त्याने आईलाही पाहिलं होतं.

धुकं विरलं होतं. करंजाखाली ती दोन कुत्री बसलेली. उकरत नव्हती, भुंकत नव्हती. कान टवकारून मडक्याकडे बघत होती, आणि आम्ही जवळ गेलो तरी नजर हलवीनात. बाबा पुढे झाले आणि त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

मडक्यातून आवाज आला. फस्स… असा, मातीत घुमून आलेला. कारखान्यातल्या अंधारात ऐकलेला तोच उसासा, पण रेतीच्या आतून.  मग काहीच नाही. इतका वेळ काही नाही की हे म्हणाले, वारा असेल. पान हलत नव्हतं. मग परत आला.

डॉक्टरीण गुडघ्यांवर बसली आणि तिने मडकं उचललं. डोळे तसेच अर्धे उघडे होते, पण बुबुळांवरची रेती वाहून गेली होती. तोंडाखालची रेती भिजून काळी पडली होती. डॉक्टरीण हसायलाच लागली. उतारामुळे पाणी निघून गेलं, मडक्यामुळे हवा राहिली, असं ती हातांनी रेती काढता काढता सांगत होती. आम्ही दोघंही उकरायला बसलो. बाबा झाडाला टेकून उभे राहिले. काका, तुम्ही वाचवलंत ह्याला, ती म्हणाली. ह्यांनी मोबाइल लांब धरून सगळ्यांचा फोटो काढला. त्या फोटोत आम्ही तिघं हसतोय आणि बाबांचा चेहरा राखेसारखा आहे.

रुग्णालयात कासवाला त्या उतरत्या फळीवर ठेवलं. डॉक्टरणीने एक लहानसं यंत्र मानेशी लावलं, तसा त्याच्या काळजाचा ठोका सगळ्या कारखान्यात ऐकू आला. एक ठोका, मग इतकी शांतता की आता संपलंच असं वाटावं, मग दुसरा. बाबांनी दोन ऐकले आणि ते बाहेर गेले.

मी चहा घेऊन मागोमाग गेले. ते जेट्टीच्या पायरीवर बसले होते. भरती लागली होती. चहा हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"तुज्या आयेला मी असंच बघितलं होतं," ते म्हणाले.

डॉक्टर आला होता ना, मी म्हटलं.

"तो आला तवा मीच दारात सांगितलं, गेली म्हणून. त्यानं हात धरला नि सोडला." त्यांनी कप पायरीवर ठेवला. "घाई मीच केली गो. सगळे थांबा म्हणत होते."

माणूस म्हणजे कासव नव्हे, हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन परत ओटीवर येरझाऱ्या घातल्या असत्या. त्यांनी तो आवाज ऐकला होता. मला रडू येत होतं, पण रडून भागणार नव्हतं. दाराआड बायकांनी जे पाहिलं ते पुरुषांना सांगायचं नसतं, आणि बापाला तर नाहीच. ते मी सांगितलं.

"बाबा, आंघोळ काकूनं आणि मी घातली. हिरवं लुगडं नेसवलं. चोळी घालायला गेलो तर बाही चढेना. हात वाकतच नव्हता. काकूनं जोर लावला, मी लावला. लाकूड झाला होता हात."

ते माझ्याकडे बघायला लागले. "कुठला?"

"उजवा. शेवटी बाही कापली."

"कापली?"

"व्हय. कात्रीनं, खांद्यापर्यंत. वरून पदर घेतला, म्हणून कुणाला दिसलं नाय. अंग इतकं ताठायला वेळ लागतो, पहाटेच्या कितीतरी आधी गेली होती ती, बाबा. तुम्ही उठवायला गेलात तेव्हा उठवायला कुणी नव्हतंच."

त्यांनी आपला उजवा हात कोपरात वाकवला, सरळ केला, परत वाकवला. आत कुठल्यातरी टाकीत उसासा पडला. तो ऐकून ते दचकले नाहीत.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.