दोन ठोक्यांमधले गणित

हे दयाघना, आरंभ तुझ्याच नावाने. तू बोलायला वाणी दिलीस, ऐकायला कान दिलेस. पण दोहोंच्या मध्ये पत्र्याचा कारखाना का येऊ दिलास, एवढे विचारण्याचे धाडस करतो आणि मग त्या भल्या माणसाची कथा सांगतो, ज्याला अख्खी शाळा ठोकागुरुजी म्हणते.

गुरुजी दहावीच्या ‘ड’ तुकडीला गणित शिकवतात. वर्गाची भिंत कारखान्याला लागून. पलीकडे पत्रा कापणारे यंत्र पडते, धाड्! गुरुजी थांबतात. यंत्र वर जाते, गुरुजी बोलतात. टाळाच्या दोन ठोक्यांत नाम बसवावे, तसे त्यांनी दोन ठोक्यांत गणित बसवले. सवय घरापर्यंत आली. जेवताना ते अर्ध्या वाक्यात थबकले की पत्नी म्हणे, “अहो, इथे यंत्र नाही. बोला सलग!”

बागेकडच्या शांत खोल्या हुशार ‘अ’ तुकडीच्या. त्यांतली एक ‘ड’ला द्यावी, म्हणून गुरुजी दरवर्षी मुख्याध्यापिकांपुढे उभे राहत.

“गुरुजी, आधी त्यांचा निकाल बघा, मग खोली मागा.”

“बाई, आधी त्यांची खोली बघा, मग निकाल मागा.”

बाई हसत. खोली मिळत नसे.

मग गुरुजींची एकुलती लेक दहावीत गेली. तिला ‘अ’ तुकडी मिळाली. त्याच वर्षी ‘ड’च्या पालकांनीही खोलीसाठी तक्रार लावून धरली होती. गुरुजींना वाटले, आता एकच धक्का हवा.

“लेकीला माझ्या वर्गात घेतो,” ते पत्नीला म्हणाले. “शिक्षकाचीच पोर तिथे बसली, की वर्ग हलवावाच लागेल.”

“आणि नाही हलवला तर? पाणी किती खोल ते बघायला स्वतःचं लेकरू सोडतं का कोणी?”

लेक मात्र हसली. “जाते मी, बाबा. पण वर्गात चुकून ‘बाबा’ म्हटलं, तर उठाबशा नका काढायला लावू.”

पालकसभा भरली. तक्रार निघाली. मुख्याध्यापिका शांतपणे उठल्या. “वर्ग वाईट असता, तर गुरुजींनी पोटची पोर तिथे घातली असती का?”

गुरुजी घाईने उभे राहिले. “मी तिला तिथे घातली, कारण...” आणि सवयीने थांबले. त्या सभागृहात यंत्र नव्हते हो! पण तेवढ्या विरामात टाळ्या पडल्या. शेजारचा पालक पाठ थोपटून म्हणाला, “वा गुरुजी! आमची शंकाच मिटली.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला परत ‘अ’मध्ये घेण्याची विनंती केली. बाई म्हणाल्या, “आता? लोक काय म्हणतील, गुरुजी?”

लेक गणितात नापास झाली. निकाल घेऊन आली, बापाजवळ बसली.

“परीक्षेत किती शांत होतं, बाबा! तुमचा आवाज अगदी स्पष्ट आठवत होता. मधलं मधलंच काही आठवेना.”

पत्नी काहीच बोलली नाही. ती टोमणा मारती, तर बरे झाले असते. यंदा गुरुजी खोली मागायला गेले नाहीत. वर्ग तिथेच आहे, यंत्र पडते आहे, नवी मुले कान टवकारून बसली आहेत.

प्रभो, भिंत हलवणे तुझ्याही मनात दिसत नाही. मग एवढे तरी कर: त्या लेकीच्या मनात बापाविषयी कटुता येऊ देऊ नकोस, त्या माउलीचा अबोला सरू दे, आणि त्या घरात गुरुजींच्या मुखी एक तरी वाक्य अखंड उतरू दे. त्या तिघांचे कल्याण असो.