करदोट्याला बांधलेली गाडी

पणदऱ्याच्या दत्तोबांना सकाळी कुणाशी तरी वाजल्याखेरीज चहा उतरत नसे. कारखान्याच्या काट्यावरचा माणूस, एसटीचा कंडक्टर, बांधावरची बाभळ, कुणीही चाले. पण खरी गोडी धाकट्या भावाशी भांडण्यात. वडलांनी थोरल्याचं नाव दत्तोबा ठेवलं आणि धाकट्याचं विजयसिंह, तेव्हापासूनच दोघांचं बिनसलं होतं. "मला देवाचा सेवेकरी केला आन् ह्याला राजा," असं दत्तोबा साठीला आले तरी म्हणत.

यथावकाश वाटण्या झाल्या. रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, गोठ्यात मधोमध भिंत आली. राहिली ती गाडी. दोघांनी मिळून घेतलेली, किल्ली कुठं घालायची नाही, नुसती जवळ बाळगायची आणि बटण दाबायचं, अशा थाटाची. किल्ल्या दोन निघाल्या, म्हणून भावकीतल्या आबासाहेबांनी दोघांच्या हातावर एकेक ठेवली आणि दिवसाआड वापरा म्हणून सांगितलं. विजयसिंहानं आपली किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. दत्तोबांनी आपली कमरेच्या करदोट्याला बांधली.

"अहो, अंघोळीला तरी सोडा," कौसल्याबाई म्हणाल्या.

"सोडली की त्यो उचलनार. तू अजून वळखलं न्हाईस त्याला."

तेव्हापासून दत्तोबा किल्लीसकट अंघोळ करू लागले, किल्लीसकट उसाच्या सऱ्यांत पाणी धरू लागले.

गाडी दोन घरांच्या मधल्या अंगणात उघडीच असायची. असे दोन मालक पहाऱ्याला असताना तिला कुलूप कशाला? दत्तोबांची पाळी असली की ते आत बसायचे आणि विजयसिंह लगोलग येऊन खिडकीवर कोपरं टेकायचा. काट्यावरचं डिझेल बघायच्या निमित्तानं छातीपर्यंत आत यायचा.

"दादा, परवा गाडीत शेणाचा वास येत हुता. म्हस फिरवून आनली का?"

"तुझ्यापरीस म्हस बरी. निदान दूध तरी देती."

असं म्हणून दत्तोबा बटण दाबत, गाडी गुरगुरे आणि तिघांचाही दिवस नीट सुरू होई.

एके दिवशी दत्तोबा बारामतीला पेंड आणायला गेले. पोती डिकीत टाकली, ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं. गाडी गप्प. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. पेंडवाल्यानं डोकावून वाचलं. "किल्ली सापडत नाही म्हणतीय."

"सापडत न्हाय?" दत्तोबांनी भर बाजारात शर्ट वर केला आणि करदोटा पडद्यापुढं धरला. "ही काय! फुटलं का डोळं?"

गाडीला लाज वाटली नाही. बाजाराला मात्र करमणूक झाली. शेवटी कौसल्याबाईंना फोन गेला आणि विजयसिंह मोटारसायकल दामटत आला. उतरल्या उतरल्या त्यानं खिडकीतून मुंडकं आत घातलं. "बैलगाडी हाकायची अक्कल न्हाय, आन् बसतोय हितं!"

दत्तोबांनी चिडून बटणावर बुक्की मारली. गाडी सुरू!

पुढं वालचंदनगरला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या लेकीकडं गेले असताना पुन्हा तेच. जावयासमोर गाडी मेली, भाऊ शिव्या देत आला, गाडी उठली. दुसरा कुणी असता तर त्यानं भावाला निदान पाणी विचारलं असतं. दत्तोबांनी निष्कर्ष काढला. "त्यो आला की चालू, त्यो नसला की बंद. म्हंजी कळ त्याच्याच हातात हाय."

हे त्यांनी आबासाहेबांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं आणि अटही स्वतःच घातली. "ज्याची खोट निघंल त्यानं गाडीवरचा हक्क सोडायचा. कायमचा."

"मंजूर," विजयसिंह म्हणाला. "माझी निघाली तर गाडी बी घे आन् मिशा बी."

बारामतीचे सगळे मिस्त्री विजयसिंहाच्या ओळखीचे, म्हणून दत्तोबांनी मुद्दाम इंदापूरहून झुंबर मिस्त्रीला आणवलं. झुंबर हा गाडीपेक्षा जास्त आवाज करणारा माणूस. त्यानं स्टेअरिंगखाली यंत्र जोडलं आणि "सेन्सर गेलाय" असं जाहीर केलं. मग "वायरिंग उंदरांनी खाल्लंय," मग "कंपनीचीच बनावट वाईट हाय." यंत्र मात्र गाडीत दोष नाही एवढंच सांगत राहिलं.

"ह्याला लांब उभा करा," दत्तोबा भावाकडं बोट करून म्हणाले. आबासाहेबांनी विजयसिंहाला गोठ्यापलीकडं धाडलं. दत्तोबांनी बटण दाबलं. गाडी गप्प.

"बघा! तितनं बंद केली!"

"मी काय जादूगार हाय व्हय?" विजयसिंह तीरासारखा आला आणि खिडकीतून छातीपर्यंत आत घुसला. "दाब आता! दाब की!"

दत्तोबांनी दाबलं. गाडी सुरू. भावकीत हशा पिकला. झुंबर मात्र विजयसिंहाच्या खिशाकडं बघत होता.

"भाऊ, खिशातली किल्ली काढा. लांब ठेवा. गाडी बंद करा, दत्तोबातात्या. आन् आता भांडा."

किल्ली आबासाहेबांच्या ओट्यावर गेली. दोघं भाऊ मनापासून भांडले. त्यात आईबापाचा उद्धार झाला, तेही दोघांचे एकच असताना. गाडी हलली नाही.

मग झुंबरनं दत्तोबांना पोट पुढं करायला लावून करदोट्याची किल्ली थेट बटणाला टेकवली. गाडी सुरू झाली.

"बघा!" दत्तोबा ओरडले. "जित्ती हाय माझी किल्ली!"

"जित्ती कसली? आजारी मान्साला बखोटीला धरून उठवल्यागत उठली." झुंबरनं टोकदार पेचकसानं किल्ली उघडली. आतून थेंबभर पाणी आणि साबणाचा वास बाहेर आला. बटणाएवढा सेल हिरवा-पांढरा होऊन फुगला होता. "गाडी इतके दिस भावाच्या खिशावर चालली, तात्या. त्यो खिडकीत भांडायला आला की किल्ली आत यायची."

दत्तोबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दत्तोबा, अट कुनाची हुती?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझी."

"मग?"

दत्तोबांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. दातांनी ओढावी तर दात तिथवर पोचेनात. शेवटी कौसल्याबाईंनी विळ्यानं दोरा कापला आणि मेलेली किल्ली विजयसिंहाच्या तळहातावर आपटली.

पण दत्तोबा हलले नाहीत. त्यांनी गाडीचं दार उघडलं. "पायपुसणी माझी हायती," म्हणाले आणि चारी ओढून काढली. "गादी माझ्या जावयानं दिलीया." तीही आली. पुढच्या काचेपाशी चिकटवलेला खंडोबा उपटताना मात्र त्यांनी आधी हात जोडले. आबासाहेब कंटाळून आत चहाला गेले.

विजयसिंह हाताची घडी घालून बघत होता. "हवा बी काढून घे की! पंपावर तूच भरलीस."

"बरं झालं सांगितलंस," दत्तोबा म्हणाले आणि लेंगा आवरून पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले.