दहापर्यंत मोजणारा

समुद्रापलीकडच्या बेटावर, तेर रूज गावच्या बसथांब्यासमोर ओसरीवर, पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातला एक म्हातारा रोज सकाळी गळाला लावायचे मऊ प्लास्टिकचे मासे करत बसे. पर्यटकांनी टाकलेली फाटकी आमिषं वितळवून तो साच्यात ओती, मोठ्यानं मराठीत दहा मोजी आणि साचा उलटा करी. कडेचं थिजलेलं राही, मधलं पातळ पातेल्यात परत पडे. तो पोकळ मासा निवला की स्वतः चावून बघे. दबला नाही, तर पुन्हा पातेल्यात.

मी सातवीत शाळा सोडलेला, रत्नागिरीहून इथल्या स्वेटरच्या कारखान्यात आलेलो. मशीनवरच्या चाचणीत एकदा नापास झालो होतो. आज पुन्हा चुकलो तर घरी पाठवणार होते.

"आजोबा, आज किती बिघडले?"

"आयो, सगले!" तो हसला. "तुजं तोंड का उतरलंय?"

मी सांगितलं. त्यानं चावलेला मासा पातेल्यात टाकला.

"बिघडला म्हनून फेकतात काय रे? वितलतो ना तो. जा, बस आली."

मशीनवर पहिल्याच ओळीला धागा तुटला. साहेब शेजारीच उभे होते. मी मोठ्यानं दहा मोजले आणि धागा पुन्हा ओवला.

त्या मशीनवर मी अकरा वर्षं काढली.