मुद्दाम चुकलेली उत्तरं

बेबीताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. आधी पाणी, मग चूल, मग नवऱ्याची, बबनरावांची शिदोरी. दुपारपर्यंत कापसाची वेचणी, आणि त्यानंतर आशा सेविकेची पिशवी खांद्याला अडकवून गावात घरोघर. मी दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात उमर घालवली. कोण काम करतो आणि कोण नुसता घाम दाखवतो, हे मला लांबून कळतं. ही बाई काम करते.

मागच्या हिवाळ्यात गावातलं एक तान्हं लेकरू गेलं. त्याच्या आदल्या दिवशी बेबीताई त्या घरी भेट देऊन आली होती. आमच्याकडे बारसं होईपर्यंत बाळाचं दुपटं न्हाऊ घालणारी बाई सोडून कोणी उघडत नाही. बेबीताईनेही उघडलं नव्हतं. वरून हात ठेवला, लेकरू निजलं आहे म्हणाली आणि निघाली. तिला कोणी बोल लावला नाही. पण त्या घरावरून जाताना ती अजून मान खाली घालते. आपल्याला ओळखता आलं असतं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

यंदा आशांसाठी फोनवर शिकवणी आली, तान्ह्या बाळाच्या काळजीची. तिची रीत वेगळी. उत्तर बरोबर आलं की पुढचा धडा. चुकलं की तोच धडा पुन्हा, दुसऱ्या चित्राने, आणखी सोपा करून. ज्याची त्याची गती पाहून ती चालते.

बेबीताईचं घोडं तिसऱ्या धड्यात अडलं. बाळ दुपट्यात निजलं आहे, श्वास कसा पाहाल? तिने उत्तर दिलं, दुपट्यावरून हात ठेवून. शिकवणीने मागे नेलं. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं, कारण ती तेच करत आली होती.

"हे मले सारखं मागंच ढकलून राह्यलं," ती ओट्यावर बसून म्हणाली.

फोन तिच्या मुलीचा, सुरभीचा. ती दिग्रसला कॉलेजात जाते. आईला डुलक्या येताना पाहून तिने फोन ओढून घेतला. "तू नीज व आई. मी करतो." आणि भराभर उत्तरं दाबली. सगळी बरोबर. वाईट हेतू नव्हता. गावोगावच्या आशांची पोरं आयांसाठी हेच करत होती.

पुढच्या खेपेला बेबीताईने फोन उघडला तर धडा कमी वजनाच्या बाळांचा. त्यातले शब्द तिच्या ओळखीचे नव्हते. शिकवणीला वाटलं होतं, या बाईला सगळं येतं.

"माहा तिसरा धडा कुठं आहे?" तिने सुरभीला विचारलं.

"तो झाला ना."

"तुहा झाला. माहा नाही झाला."

मागे जायची सोय सापडेना. बेबीताईने त्यावर विचार केला आणि जेवणं आटोपल्यावर मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला लागली. एक चुकवलं की शिकवणी एक पायरी खाली उतरायची. सुरभी कपाळाला हात लावून बसली. बबनराव म्हणाले, "लोकं पास होऊन राह्यले, हे नापास व्हाले मेहनत करून राह्यली."

"तुम्ही जेवले ना? मंग निजा."

गटप्रवर्तक अनघा मॅडमना त्यांच्या फोनवर सगळ्या आशांची प्रगती दिसते. त्यांनी मीटिंगमध्ये तिला उभं केलं. "बेबीताई, सगळ्या वर चालल्या, तुम्ही काहून खाली येऊन राहिल्या?"

"मॅडम, वर माही पोरगी गेलती. मी आता येऊन राह्यली."

बाया हसल्या. अनघा मॅडमही हसल्या. "आधी सांगायचं ना. मी तुमच्या फोनमध्ये बिघाड शोधत होते."

तिसऱ्या धड्यावर ती परत पोचली आणि तिथेच राहिली. दुपटं सोडायचं, पोट उघडं करायचं, बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, बरगड्यांखाली खड्डा पडतो का ते पाहायचं. तिथली हलती चित्रं ती रात्री चूल आवरता आवरता पाहायची. मग बरोबर उत्तर दिलं. स्वतःच्या अंगठ्याने.

पौषात गावातल्या प्रफुल्लला मुलगा झाला. बेबीताई भेटीला गेली तेव्हा बाळ दुपट्यात घट्ट होतं आणि प्रफुल्लची आई बाळापुढे आडवी उभी.

"दुपटं नाही सोडाचं. थंडी पाह्य कशी आहे."

बेबीताईने वाद घातला नाही. दार लावून घेतलं, हात धुतले आणि चुलीपाशी शेकत बसली. बराच वेळ. मग म्हातारीचा हात हातात घेतला. "मावशी, पाह्य. तुह्याहून गरम आहे का नाही?"

म्हातारीने हात तसाच राहू दिला. मग म्हणाली, "लवकर कर."

दुपटं सुटलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बेबीताईने श्वास मोजले, पुन्हा मोजले आणि प्रफुल्लला गाडी बोलवायला सांगितलं. बाळाला त्याच्या आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरलं. आधी दिग्रसला आणि तिथून यवतमाळला नेलं. बाळ बरं होऊन घरी आलं. म्हातारी आता बेबीताई आली की आधी चुलीत लाकूड सारते.

मागच्या हिवाळ्यातल्या घरावरून बेबीताई अजून मान खाली घालूनच जाते. ते तसंच राहील.

वेचणीची मजुरी आणि आशाचा मोबदला साठवून तिने होळीच्या आधी दिग्रसहून स्वतःसाठी फोन आणला. सुरभीने हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "आई, लॉक काय ठेवला?"

"तुले कायले पाहिजे?" बेबीताई म्हणाली आणि फोन पिशवीत टाकून भेटीला निघाली.