मिस्त्रीबाईंचा नंबर

पहिला फोन आला तेव्हा मिस्त्रीबाई एका जुन्या पायमशीनच्या पोटात हात घालून बसल्या होत्या. शटल अडकलं होतं. तेलाचे हात फडक्याला पुसत त्यांनी फोन कानाला लावला.

"बोला."

"बोला काय, बोला? लाज नाही वाटत? माझ्या आईला घाबरवता? वीज तोडतो म्हणता?"

"भाऊ, मी शिलाई मशीन दुरुस्त करते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता."

पलीकडच्या माणसाचं पित्त इतकं खवळलं होतं की त्याला हे ऐकूच गेलं नाही. मनसोक्त तोंडसुख घेऊन त्यानं फोन आपटला. चुकीचा नंबर लागला असेल, असं म्हणून बाई पुन्हा शटलकडे वळल्या. पण लगेच दुसरा फोन आला, त्यामागून तिसरा. जेवायच्या वेळेपर्यंत अठ्ठावीस जणांनी त्यांचा उद्धार केला होता, आणि शटल होतं तिथंच होतं.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची एका शटरची जागा. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला दवाखाना. भिंतीवर लांबीप्रमाणे लावलेले पट्टे, डब्यांत सुया, बॉबिनी, स्क्रू. दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हातांना कंप सुटला आणि स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना. मग ते स्टुलावर बसून सांगायचे आणि बाई करायच्या. दोनेक वर्षांत बाईंचा हात असा बसला की सांगायची गरजच उरली नाही. तरीही ते सांगायचे, आणि बाई ऐकल्यासारखं करायच्या. दोघांचंही त्यात समाधान होतं.

त्या दिवशी तिसाव्या की एकतिसाव्या फोनवर एक शांत आवाज आला. कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

"तुमच्या नंबरवरून मला सकाळी फोन आला होता. रेकॉर्ड केलेला आवाज होता. आज संध्याकाळी तुमचा वीजजोड तोडला जाईल, अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी एक दाबा, असं म्हणत होता. मी दाबला नाही. पण हा नंबर आहे तरी कोणाचा, ते बघावं म्हटलं."

"अहो बाई, मी सकाळपासून कोणालाच फोन केलेला नाही. माझे हात तेलात आहेत."

"मला तसंच वाटलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमचा नंबर कोणीतरी पांघरलाय. फोन करतात ते, आणि दिसतो तुमचा नंबर. राज्यभर हेच चाललंय म्हणतात. माझ्या बहिणीला तर पार्सल अडकल्याचा आला होता."

बाईंनी फोन कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथं आधी यंत्रानंच त्यांना एक दाबायला सांगितलं, तेव्हा त्या कडवट हसल्या. अर्ध्या तासानं एक मुलगी बोलली. ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, यावर एकच उपाय. नंबर बदलून घ्या."

संध्याकाळी परगावी राहणाऱ्या लेकीनंही तेच सांगितलं. "आई, हट्ट करू नकोस. रोज पन्नास जण शिव्या घालणार, बाबांना झेपणार आहे का ते?"

"चोर माझा सदरा घालून फिरतोय, म्हणून मी सदरे घालायचं सोडून देऊ?"

"सदरा आणि नंबर एक नाही गं."

"नाहीच. सदरा नवा शिवता येतो."

यात नुसता हट्ट नव्हता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या बाजूला नवऱ्यानं अंगठ्याएवढी पितळी पट्टी ठोकलेली असायची आणि तिच्यावर हा नंबर कोरलेला असायचा. तीस वर्षांत अशा हजारो पट्ट्या राज्यभर पसरल्या होत्या. लग्न होऊन गेलेल्या मुली मशीन सासरी घेऊन गेल्या होत्या, बदली झालेल्या बायका परगावी. कुठं टाके सुटायला लागले, दोरा तुटायला लागला, की माणूस ती पट्टी बघून फोन करी. नंबर बदलणं म्हणजे या सगळ्यांना तोंडावर दार लावणं.

रात्र झाली तेव्हा बाईंचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीच्या नोंदींची एक कोरी वही फोनशेजारी ठेवली.

"हे कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"ओरडणारी माणसं काहीतरी ऐकून ओरडतायत ना? काय ऐकलं ते लिहून घेते."

"आणि मशीनी?"

"त्याही करते. तुम्ही फोन घ्या."

नवऱ्याचे हात कापत, पण आवाज खणखणीत होता. त्यानं पहिल्याच दिवशी रीत शोधून काढली. समोरच्याला मध्ये अडवायचं नाही, शिव्या संपू द्यायच्या. माणूस दीड मिनिटात दमतो. मग शांतपणे सांगायचं, "साहेब, आमचाही नंबर चोरलाय. तुम्हाला फोन किती वाजता आला? तो काय म्हणाला? तुम्ही एक दाबला का? पुढे काय झालं?" दहातले आठ जण वरमायचे. काही माफी मागायचे. एकानं तर बोलता बोलता आपल्या बायकोच्या मशीनचा आवाज येतो म्हणून सल्लाही विचारला. "पट्टा सैल असेल," नवरा म्हणाला आणि वहीत ते दोन्ही लिहायला लावलं.

आठवड्याभरात वही बोलायला लागली. फोन यायचे सकाळी दहा ते साडेअकरा. म्हणजे घरातली कामावर जाणारी माणसं बाहेर पडल्यावर आणि म्हातारी माणसं एकटी उरल्यावर. शनिवार-रविवारी एकही नाही. सोमवार-मंगळवार वीज, बुधवारपासून पार्सल, आणि शुक्रवारी सगळ्यात वाईट: "तुमच्या नातवाला पोलिसांनी धरलंय." एक दाबला की अदबीनं बोलणारा माणूस यायचा आणि फोनमध्ये कुठलंसं ॲप उतरवून घ्यायला सांगायचा. आणि शेवटी जाता जाता म्हणायचा, "काही अडचण आली तर या दुसऱ्या नंबरवर मला फोन करा."

बाईंची पेन्सिल तिथं थबकली.

"अहो, हा दुसरा नंबर विचारत जा. सगळ्यांना."

"का?"

"आपला नंबर नुसता मुखवटा आहे. त्यावर फोन केला की आपणच उचलतो. पण त्यांना माणूस परत हवा असेल, तर खरा नंबर कुठंतरी द्यावाच लागणार."

नवऱ्यानं वही आपल्याकडे ओढली. मग म्हणाला, "हे मी सांगणारच होतो."

"हो, हो," बाई म्हणाल्या.

नवव्या दिवशी दूरसंचार कार्यालयाचं पत्र आलं. तुमच्या क्रमांकाविरुद्ध त्रेसष्ट तक्रारी आहेत. शुक्रवारी अकरा वाजता हजर राहून खुलासा करा, नाहीतर क्रमांक बंद करण्यात येईल. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. कोणाला भेटायचं हे मला कळत नव्हतं, आता त्यांनीच बोलावलंय."

शुक्रवारी सव्वादहाला त्या वही पिशवीत घालून शटर ओढणार, तोच फोन वाजला. नवरा घरून यायचा होता. बाईंनी फोन घेतला.

"साहेब, लाइन कट झाली हो," एका म्हाताऱ्या बाईचा घाबराघुबरा आवाज. "तुम्ही सांगितलं तसं केलंय मी. दार लावून घेतलंय. कोणाला काही सांगितलं नाही. आता बँकेकडून तो आकडा आला की वाचून दाखवू ना? माझ्या नातवाला मारू नका."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. ओरडावंसं वाटलं, पण त्यांनी आवाज बारीक ठेवला.

"आजी, मी साहेब नाही. मी मशीन दुरुस्त करणारी बाई आहे. तुमच्याशी बोलतायत ते चोर आहेत. तुमचा नातू ठीक आहे."

आजी म्हणाली, "ते म्हणाले होते, कोणीतरी असं सांगेल. जो सांगेल तो त्यांच्यातलाच."

चोरांनी आजीच्या मनालाही आतून कडी लावून घेतली होती. मग एकदम त्यांना सुचलं.

"बरोबर आहे आजी. माझ्यावर नका ठेवू विश्वास. त्यांच्यावरही नका ठेवू. शेजारी कोण राहतं?"

"शेजारी? एक नर्स राहते. रात्रपाळी करून झोपली असेल."

"तिला तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"अकरा."

"मला ओळखता किती? दोन मिनिटं. त्या साहेबाला? पाव तास. मग अकरा वर्षांच्या माणसाला विचारा. फोन हातातच ठेवा. मी ठेवणार नाही."

"दार उघडलं तर ते..."

"फोनमधून कोणी दार ढकलू शकत नाही आजी. चला. उठा."

बाईंच्या कानात चपला घसटल्याचा आवाज आला. कडी निघाली. मध्येच आजीजवळच्या दुसऱ्या फोनची रिंग वाजायला लागली आणि आजी थांबली. "त्यांचाच आहे," ती कुजबुजली.

"वाजू द्या."

रिंग वाजत राहिली. मग एक घंटी, पुन्हा घंटी. मग झोपेतला, त्रासलेला आवाज: "काय झालं काकू?" आणि आजी एकदम रडायला लागली. पुढचं बाईंना नीट ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं नर्सनं फोन घेतला आणि एकच विचारलं, "काय करायचं ते पटकन सांगा."

बाईंनी सांगितलं: तो दुसरा फोन बंद करा, बँकेला फोन लावून खातं थांबवा, नातवाला फोन करा. नर्सनं सगळं केलं, बाई तोवर लाइनवर होत्या. नातू वर्गात होता आणि आजी भर तासात का फोन करते म्हणून वैतागला. तो वैताग ऐकून आजी हसली की रडली ते काही कळलं नाही. आकडा तिनं अजून कोणाला वाचून दाखवला नव्हता.

"आणि त्यांनी दिलेला दुसरा नंबर?" बाईंनी शेवटी विचारलं.

नर्सनं तो वाचला. बाईंनी लिहून घेतला.

दूरसंचार कार्यालयात त्या पोहोचल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. खिडकीतल्या कारकुनानं घड्याळाकडे बोट दाखवलं. "अकराची वेळ होती. आता पुढची तारीख घ्या."

"पुढच्या तारखेपर्यंत माझा नंबर चालू राहील?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मग मी इथंच बसते."

"किती वेळ?"

"मशीनचा गुंतलेला दोरा सोडवायला मला कधी कधी चार तास लागतात," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

पावणेचारला एका तरुण अधिकारीबाईंनी त्यांना आत बोलावलं. आधी त्यांचा सूरही कोरडाच होता. त्रेसष्ट तक्रारींचा गठ्ठा टेबलावर होता. मिस्त्रीबाईंनी त्याच्याशेजारी आपली वही ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे त्रेसष्ट आहेत. माझ्याकडे तीनशे चाळीस."

अधिकारीबाई पानं चाळू लागल्या, मग वाचू लागल्या. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, "'पट्टा सैल' हा कोणता संकेत?"

"तो मशीनचा आहे. तो सोडा. शेवटचा रकाना बघा."

"हे नंबर कसले?"

"त्या लोकांनी परत फोन करायला दिलेले. एकोणीस माणसांनी सांगितले. एकोणिसावा आज सकाळी. पण नीट बघा, एकोणीस माणसं आणि नंबर पाचच."

अधिकारीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी फोन उचलून कोणाला तरी बोलावलं, मग दोघींना चहा सांगितला. पावणेसहाला बाई बाहेर पडल्या तेव्हा वहीची प्रत त्या कार्यालयात होती आणि नंबर बंद होणार नाही असं लेखी पत्र बाईंच्या पिशवीत. खिडकीतला कारकून घरी गेला होता.

पुढं तीन आठवडे काहीच घडलं नाही. फोन येत राहिले, वही भरत राहिली. एक संपली, दुसरी सुरू झाली. नवऱ्याचा घसा बसला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी आपणहून सांगितलं की सकाळचा एक तास फोन माझ्याकडे वळवा. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई. शिव्या देणाऱ्यांना त्या दीड मिनिटसुद्धा देत नसत.

मग एका दुपारी अधिकारीबाईंचा फोन आला. त्या पाचांतल्या दोन नंबरांवरून माग लागला होता. एका आडगावी भाड्याच्या दोन खोल्यांत चौघं सापडले होते. बाकीचे पळाले. "मावशी, खोटं सांगत नाही," त्या म्हणाल्या, "हे एक टोळकं. दुसरी बरीच आहेत. पण या चौघांना तुमच्या वहीनं धरलं."

"त्या आजींना कळवलंत?"

"तुम्हीच कळवा. त्यांना तुमचा आवाज ओळखू येतो."

बाईंच्या नंबरवरचे फोन त्यानंतर ओसरत गेले आणि महिन्याभरात थांबले. पुन्हा फक्त टाके सोडणाऱ्या मशीनी बोलायला लागल्या. लेक म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची."

पण अधिकारीबाईंनी बाईंचा नंबर एका माणसाला दिला होता. तो गावाबाहेर रोपवाटिका चालवायचा. एका सकाळी तो फोनवर जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, माझाही नंबर चोरलाय, लोक मला चोर म्हणतायत. मी रोपं विकतो हो! नंबर बदलून टाकू का?"

मिस्त्रीबाईंच्या पुढ्यात एक शिवणक्लासचं मशीन उघडून पडलेलं होतं आणि तासाभरात ते न्यायला क्लासवाल्या बाई येणार होत्या. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"आधी कागद घ्या," त्या म्हणाल्या. "आणि रकाने आखा. मी सांगते तसे."

चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. क्लासवाल्या बाई आल्या तेव्हा मशीन तसंच उघडं होतं. त्या कुरकुरल्या. मिस्त्रीबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, काय झालं ते सांगितलं, आणि सांगता सांगता मशीनचं काम पुरं करायला घेतलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या क्लासला तीस बायका येतात. त्यांनाही सांगाल का हे?"

"बुधवारी येते," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "दुकान हे सांभाळतील."

नवऱ्यानं मान डोलावली आणि वाजणारा फोन उचलला.